जोसेफ ओसाना

जोसेफ फ्रँक ओसाना (१० डिसेंबर, इ.स. १९२८ – २८ नोव्हेंबर, इ.स. १९७७) हे अमेरिकन विद्युत अभियंते व संगणक आज्ञावलीकार होते. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत युनिक्स ही संचालन प्रणाली घडवणाऱ्या पहिल्या लहानशा गटाचे ते सदस्य होते. मजकुराची मांडणी करणाऱ्या एनरॉफ आणि टीरॉफ या आज्ञावल्यांचे कर्ते म्हणून ते ओळखले जातात. ज्या संगणकावर युनिक्स वाढले तो संगणक मिळवण्याची कल्पना प्रामुख्याने त्यांचीच होती, आणि ती मंजूर झाली ती मजकूर-मांडणीचे साधन तयार करण्याच्या आश्वासनावर. त्यामुळे युनिक्ससाठी ओसाना यांची साधने मागाहून चिकटवलेली भर नव्हती. प्रणालीच्या अस्तित्वाचे व्यवहारातले कारणच ते होते. पुढे चार-पाच दशकांनी याच साधनांना संचालन प्रणालीच्या मूळ संचात जागा द्यावी की नाही, असा प्रश्न अनेक प्रकल्पांपुढे उभा राहिला आणि त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

ओसाना यांचा जन्म मिशिगन राज्यातील डेट्रॉइट येथे झाला. त्याच शहरातील वेन स्टेट विद्यापीठातून इ.स. १९५२ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यानंतर न्यू जर्सीमधील मरे हिल येथील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत ते तांत्रिक सेवकवर्गात होते.

प्रयोगशाळेतील त्यांचे आरंभीचे काम संगणकाशी फारसे निगडित नव्हते. कमी गोंगाटाचे प्रवर्धक, पुनर्भरण प्रवर्धकांची रचना, आकाशात उपग्रह कोणत्या कोनात दिसेल याचे गणित, फिरत्या रेडिओ संदेशवहनात संदेश क्षीण होण्याचा सिद्धान्त आणि सांख्यिकीय माहितीवरील प्रक्रिया या विषयांत त्यांनी काम केले. मरे हिलच्या गणनकेंद्राच्या कारभारातही त्यांचा सहभाग होता. एखादे यंत्र कोणाला लागते, त्यासाठी पैसा कोणत्या खात्यातून येऊ शकतो आणि वरिष्ठांना कोणती भाषा पटते, याची त्यांना असलेली जाण पुढे युनिक्सच्या कामी आली.

मल्टिक्स

इ.स. १९६०च्या दशकाच्या मध्यास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून मल्टिक्स ही महत्त्वाकांक्षी बहुवापरकर्ता प्रणाली हाती घेतली. ओसाना हे तिच्या आज्ञावली-रचनेत सक्रिय होते. इ.स. १९६५च्या फॉल जॉइंट कॉम्प्युटर कॉन्फरन्स या परिषदेत मल्टिक्सची ओळख करून देणारे सहा निबंध सादर झाले. त्यांपैकी संदेशवहन आणि निविष्टी-निर्गम यांच्या जोडणीविषयीचा निबंध ओसाना यांनी दोन सहलेखकांसह लिहिला होता.

प्रकल्प लांबत गेला आणि इ.स. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले. व्यवस्थापनाच्या दृष्टीने संचालन प्रणाली हा विषयच नकोसा झाला होता. केन थॉम्पसन, डेनिस रिची, डग्लस मॅकिलरॉय आणि ओसाना यांना मात्र एकाच यंत्रावर अनेकांनी एकत्र काम करण्याच्या वातावरणाची सवय लागली होती आणि ते गमावण्याची त्यांची तयारी नव्हती. इ.स. १९६९ मध्ये मुख्यतः ओसाना, थॉम्पसन आणि रिची यांनी एखादा मध्यम आकाराचा संगणक घ्यावा म्हणून वारंवार प्रस्ताव दिले. पीडीपी-१० आणि सिग्मा ७ ही यंत्रे त्यांनी सुचवली होती. हे प्रस्ताव नामंजूर झाले. मागणीची रक्कम मोठी होती, आणि त्या बदल्यात काय मिळणार याचे उत्तर पुन्हा एक संचालन प्रणाली हेच होते. दरम्यान थॉम्पसन यांनी फारशा वापरात नसलेल्या एका पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सची पहिली आवृत्ती उभी केली.

पीडीपी-११ आणि पेटंट विभाग

इ.स. १९७०च्या आरंभी गटाने नवा प्रस्ताव दिला. या वेळी मागणी होती ती डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने नुकत्याच आणलेल्या पीडीपी-११ या यंत्राची. किंमत सुमारे ६५,००० डॉलर, म्हणजे आधीच्या मागणीच्या साधारण दहावा भाग. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा होता. संचालन प्रणाली लिहू असे या प्रस्तावात म्हटले नव्हते. मजकूर संपादित करणारी आणि त्याची मांडणी करणारी व्यवस्था तयार करू असे म्हटले होते. या प्रस्तावामागील प्रेरणा मुख्यत्वे ओसाना यांची होती. मजकूरप्रक्रिया हा त्यांच्या आस्थेचा विषय होता आणि अखेरपर्यंत राहिला. प्रस्तावाचे प्रथम स्वागत झाले नाहीच. नंतर ली मॅकमेहन यांच्या खटपटीने निधी मिळाला आणि मे महिन्यात यंत्राची मागणी नोंदवली गेली. उन्हाळ्याच्या अखेरीस प्रोसेसर आला. डिस्क येण्यास डिसेंबर उजाडला.

दिलेले वचन पाळण्याची संधी पेटंट विभागामुळे आली. बेल प्रयोगशाळेचा हा विभाग पेटंट अर्ज तयार करण्यासाठी एखादी बाजारातील व्यवस्था विकत घेण्याच्या विचारात होता. युनिक्सच्या गटाकडे दोन जमेच्या बाजू होत्या. त्यांच्याजवळच्या टेलिटाइप मॉडेल ३७ या टंकयंत्रावर बहुतेक गणिती चिन्हे उमटत असत. शिवाय पेटंट अर्जाच्या प्रत्येक पानावर ओळींना क्रमांक द्यावे लागत. बाजारातील व्यवस्थेला ते जमत नव्हते आणि रॉफ या आज्ञावलीत ती सोय गटाने झटपट करून दिली. विभागाने युनिक्स निवडले.

इ.स. १९७१च्या उत्तरार्धात पेटंट विभागाचे तीन टंकलेखक दिवसभर या यंत्रावर अर्ज टंकत, दुरुस्त करत आणि छापून घेत. त्याच यंत्रावर त्याच वेळी गटाचे स्वतःचे प्रयोगही चालत. यंत्राची एकूण स्मृती २४ किलोबाइट होती. त्यांपैकी १६ प्रणालीसाठी आणि उरलेली ८ वापरकर्त्यांच्या आज्ञावल्यांसाठी होती. डिस्क अर्ध्या मेगाबाइटची होती. स्मृतीसंरक्षण नव्हते, म्हणजे एखादी नवी आज्ञावली चुकली तर सगळी प्रणाली कोसळत असे आणि टंकलेखकांचे काम थांबत असे. डिस्क भरत आली की दर काही तासांनी मजकूर चुंबकीय फितीवर हलवावा लागे. एवढ्या अपुऱ्या जागेत मजकूर-मांडणीच्या साधनाला हक्काची जागा होती, कारण पाहुण्यांचे काम त्यावरच चालत होते. हा प्रयोग यशस्वी झाल्यामुळे गटाची पत वाढली आणि लवकरच त्यांना पीडीपी-११/४५ हे अधिक सक्षम यंत्र मिळाले. गटाची पहिली प्रयोगशाळा सुसज्ज करण्याचे आणि बाहेरचे पहिले वापरकर्ते मिळवून आणण्याचे श्रेय मॅकिलरॉय यांनी ओसाना यांना दिले आहे.

एनरॉफ आणि टीरॉफ

रॉफ ओसाना यांच्या आधीपासून होते. जेरोम सॉल्ट्झर यांनी इ.स. १९६४ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सीटीएसएस या प्रणालीसाठी रनऑफ ही आज्ञावली लिहिली. तिच्यावरून मॅकिलरॉय यांनी मल्टिक्ससाठी एक रूप तयार केले आणि त्यावरून युनिक्सवरील रॉफ आले. लिहिण्याची पद्धत सोपी होती. मजकूर साधा लिहायचा आणि मध्ये मध्ये स्वतंत्र ओळीवर, आरंभी टिंब देऊन, दोन अक्षरी आज्ञा द्यायची: इथे ओळ सोडा, इथे परिच्छेद आत घ्या, इथे नवे पान करा.

ओसाना यांनी एनरॉफ, म्हणजे नवे रॉफ, लिहिताना ही बाह्य पद्धत कायम ठेवली आणि आतील रचना पूर्णपणे बदलली. पानाचा शीर्षभाग कसा असावा, तळटीप कुठे यावी, हे आज्ञावलीने ठरवून टाकलेले नव्हते. त्याऐवजी वापरकर्त्याला लहान लहान घटक दिलेले होते: स्वतःच्या आज्ञा रचता याव्यात म्हणून मॅक्रो, संख्या व मजकूर साठवण्याची सोय, पानावर ठरावीक उंची गाठली की आपोआप चालणारी आज्ञा, आणि तयार झालेला मजकूर छापण्याऐवजी बाजूला ठेवून नंतर हव्या त्या ठिकाणी आणण्याची युक्ती. या घटकांतून तळटीपा, रकाने, अनुक्रमणिका हे सारे बांधता येत असे. एनरॉफ ही एका अर्थी मजकूर-मांडणीची स्वतंत्र भाषाच होती, आणि शिकण्यास ती कठीणही होती. सामान्य वापरकर्त्याचा तिच्याशी थेट संबंध फार थोडा आला. माइक लेस्क यांनी रचलेल्या एमएस या मॅक्रोसंचासारख्या तयार साधनांमुळे बहुतेकांना मूळ आज्ञा न शिकता काम करता येऊ लागले.

पुढचा टप्पा खऱ्या अक्षरजुळणीचा होता. ग्राफिक सिस्टीम्स या कंपनीचे कॅट हे फोटोटाइपसेटर यंत्र प्रयोगशाळेत आले. फिल्मवरील अक्षराकृतींमधून प्रकाश टाकून ते छायाचित्रणाच्या कागदावर अक्षरे उमटवत असे आणि तो कागद नंतर रसायनांत धुवावा लागे. एका वेळी चार टंक, प्रत्येकात १०२ चिन्हे आणि ६ ते ३६ पॉइंटपर्यंतचे पंधरा आकार एवढी त्याची झेप होती. मूळचे कागदी फितीवरून चालणारे हे यंत्र थेट संगणकाला जोडले गेले आणि ओसाना यांनी त्याच्यासाठी इ.स. १९७३च्या सुमारास टीरॉफ लिहिले. टंकयंत्रावर छापण्यासाठी एनरॉफ आणि अक्षरजुळणीसाठी टीरॉफ अशी जोडी झाली. दोन्हींची भाषा एकच असल्याने एकाच फाइलीतून कच्ची प्रत आणि छापील प्रत काढता येत असे.

टीरॉफ प्रथम पीडीपी-११च्या असेंब्ली भाषेत होते. इ.स. १९७५च्या सुमारास ओसाना यांनी ते सी भाषेत पुन्हा लिहिले. इ.स. १९७६ मध्ये त्यांनी लिहिलेली एनरॉफ/टीरॉफची वापरपुस्तिका बेल प्रयोगशाळेच्या संगणनशास्त्र अहवालमालेत ५४ व्या क्रमांकाने प्रसिद्ध झाली.

टीरॉफभोवती लवकरच साधनांचे एक कुटुंब तयार झाले. गणिती समीकरणांसाठी ब्रायन कर्निघन व लोरिंडा चेरी यांनी ईक्यूएन लिहिले. तक्त्यांसाठी लेस्क यांनी टीबीएल लिहिले. ही साधने टीरॉफच्या आत घुसवलेली नव्हती. मजकूर आधी त्यांच्यातून जाई, त्यांना कळणाऱ्या भागाचे ती टीरॉफच्या आज्ञांत रूपांतर करत आणि बाकीचा मजकूर न बदलता पुढे पाठवत. लहान आज्ञावल्या नळीसारख्या एकमेकींना जोडण्याची युनिक्सची पद्धत इतक्या उपयुक्तपणे दाखवणारी उदाहरणे थोडीच आहेत. कर्निघन व रिची यांच्या सी भाषेवरील इ.स. १९७८च्या प्रसिद्ध पुस्तकाची अक्षरजुळणी याच साधनांनी झाली.

निधन व टीरॉफचा वारसा

कॅट यंत्र कालबाह्य होऊ लागले तशी टीरॉफ इतर यंत्रांवर चालवण्याची गरज निर्माण झाली. ते काम होण्यापूर्वीच, हृदयविकाराच्या एका झटक्यातून रुग्णालयात सावरत असताना दुसरा तीव्र झटका येऊन २८ नोव्हेंबर, इ.स. १९७७ रोजी ओसाना यांचे निधन झाले. त्यांचे वय ४८ वर्षे होते. युनिक्सची सातवी आवृत्ती, जिच्यामुळे ही साधने विद्यापीठांत दूरवर पोहोचली, इ.स. १९७९ मध्ये आली. ती त्यांना पाहता आली नाही.

त्यांच्या मागे टीरॉफची सी भाषेतील सुमारे ७,००० ओळींची संहिता राहिली. तिच्यात स्पष्टीकरणाच्या टिपा जवळजवळ नव्हत्या आणि कॅट यंत्राची वैशिष्ट्ये जागोजागी विणलेली होती. कोणता भाग का आहे हे सांगू शकणारा माणूस उरला नव्हता. ती टाकून नवे साधन लिहावे असे कोणाला वाटले असते तर त्यात नवल नव्हते; परंतु तोपर्यंत प्रयोगशाळेतील अहवाल, पेटंट अर्ज, पुस्तके आणि युनिक्सची स्वतःची माहितीपुस्तिका असे सारे लेखन टीरॉफच्या भाषेत साठलेले होते. इ.स. १९७९ मध्ये कर्निघन यांनी संहिता हाती घेतली आणि विशिष्ट यंत्रावर अवलंबून नसलेले टीरॉफ तयार केले. ते एका साध्या मध्यस्थ भाषेत निर्गम देई आणि प्रत्येक छपाईयंत्रासाठी त्या भाषेचा वेगळा अनुवादक असे. वापरकर्त्याने लिहायची भाषा त्यांनी जवळपास तशीच राखली, त्यामुळे जुन्या फाइली चालत राहिल्या.

मूळ संचातील स्थान

संचालन प्रणाली बसवली की इतर काहीही वेगळे न मागता जी साधने यंत्रावर येतात त्यांना मूळ संच म्हणतात. ओसाना यांच्या काळात अशी विभागणी नव्हती. गटातील कोणी काही उपयुक्त लिहिले की ते प्रणालीत जाई, पुस्तिकेत त्याचे पान लिहिले जाई, आणि प्रणाली दुसऱ्या ठिकाणी पाठवताना सारे एकत्र जाई. मूळ संचात काय हवे हा प्रश्न प्रणाली विक्रीयोग्य वस्तू झाल्यावर निर्माण झाला.

पहिले उत्तर व्यापारी होते. एटी अँड टी कंपनीने सिस्टीम व्हीच्या काळात टीरॉफ व त्याचे कुटुंब मुख्य प्रणालीतून वेगळे काढले आणि डॉक्युमेंटर्स वर्कबेंच या नावाने स्वतंत्रपणे विकण्यास आरंभ केला. ज्या साधनाच्या आश्वासनावर प्रणालीसाठी यंत्र मिळाले होते, तेच आता जादा किमतीची पुरवणी झाले. यातून एक विचित्र अडचण उद्भवली. युनिक्सची माहितीपुस्तिका, म्हणजे मॅन पृष्ठे, रॉफच्या भाषेत लिहिलेली होती. मांडणी करणारे साधन नसेल तर ती पडद्यावर वाचता येत नसत. म्हणून सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्ससारख्या प्रणालींबरोबर आधीच मांडणी करून ठेवलेली पृष्ठे देण्यात येत. पृष्ठे वाचता येत. परंतु पडद्याच्या रुंदीप्रमाणे ती नव्याने जुळवता येत नसत, आणि स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीचे पृष्ठ पाहण्याची सोय ग्राहकाला नव्हती.

बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी प्रणालीपुढे परवान्याचा प्रश्न होता. टीरॉफची संहिता एटी अँड टीच्या मालकीची असल्याने मुक्त प्रणालीत ती ठेवता येत नव्हती. जेम्स क्लार्क यांनी सी++ भाषेत सर्वस्वी नव्याने लिहिलेले ग्रॉफ इ.स. १९९०च्या सुमारास ग्नू प्रकल्पातर्फे उपलब्ध झाले आणि ही पोकळी भरून निघाली. त्यानंतरच्या मुक्त बीएसडी प्रणालींत आणि लिनक्सच्या वितरणांत ओसाना यांची भाषा ग्रॉफच्या रूपाने आली. त्याच सुमारास बर्कलीत सिंथिया लिव्हिंग्स्टन यांनी मॅन पृष्ठांसाठी एमडॉक हा नवा मॅक्रोसंच रचला. त्यात अक्षर ठळक करा किंवा तिरपे करा असे सांगण्याऐवजी हे आज्ञेचे नाव आहे, हा पर्याय आहे, हे फाइलीचे नाव आहे असे सांगितले जाते. या बदलाचा परिणाम पुढे वीस वर्षांनी दिसला.

इ.स. २००० नंतर परिस्थिती पालटली. पुस्तकांसाठी टेक् व लाटेक्, कार्यालयीन कामासाठी शब्दप्रक्रियेची दृश्य साधने रूढ झाली होती. टीरॉफने पत्र किंवा प्रबंध लिहिणारे थोडे उरले. मॅन पृष्ठे मात्र प्रत्येक यंत्रावर वाचली जात. म्हणजे अक्षरजुळणीची संपूर्ण भाषा मूळ संचात होती आणि तिच्यातील अगदी लहान भागच सर्वांना लागत होता. जागेचा प्रश्न आता गौण होता. मूळ संचातील प्रत्येक साधनाची देखभाल, सुरक्षेच्या दृष्टीने तपासणी आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर नव्याने संकलन करावे लागते. ग्रॉफसाठी सी++चा कंपायलर लागे. त्यातच इ.स. २००९च्या १.२० या आवृत्तीपासून ग्रॉफने जीपीएल परवान्याची तिसरी आवृत्ती स्वीकारली. ती नको असलेल्या फ्रीबीएसडीच्या मूळ संचात १.१९.२ हीच जुनी आवृत्ती गोठून राहिली. जे साधन अद्ययावत करता येत नाही ते मूळ संचात ठेवणे हे देखभाल करणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत अवघड ओझे असते.

सरळ काढून टाकणेही शक्य नव्हते. नव्याने बसवलेल्या यंत्रावर जाळ्याची जोडणी होत नसेल, तर ती कशी करावी हे सांगणारी माहिती यंत्रावरच वाचता आली पाहिजे. त्या क्षणी दुसरे पॅकेज उतरवून घेण्याचा मार्गच बंद असतो. प्रशासकाला पुस्तिकेची खरी गरज अशाच वेळी असते, आणि ओसाना यांच्या साधनाचे मूळ संचातील शेवटचे सबळ कारण हेच होते.

या पेचातून वाट काढली ती क्रिस्टाप्स झॉन्सन्स यांनी. इ.स. २००८ मध्ये त्यांनी आरंभलेल्या आणि पुढे मॅनडॉक नाव मिळालेल्या आज्ञावलीने प्रश्नाची उकल उलट बाजूने केली. मॅनडॉक हे अक्षरजुळणीचे सर्वसाधारण साधन नाही. एमडॉक व जुनी मॅन पृष्ठे ते थेट समजून घेते, आणि त्या पृष्ठांत प्रत्यक्ष आढळणाऱ्या रॉफच्या आज्ञांपुरतेच रॉफ जाणते. ते सी भाषेत आहे आणि त्याचा परवाना बीएसडी प्रकल्पांना मानवणारा आहे. इंगो श्वार्झे यांच्या पुढाकाराने ओपनबीएसडीने ते स्वीकारले आणि इ.स. २०१० मध्ये ग्रॉफ मूळ संचातून काढले. फ्रीबीएसडीने अधिक सावकाश पावले टाकली: ११.० या आवृत्तीपासून (इ.स. २०१६) पृष्ठे दाखवण्याचे काम मॅनडॉककडे गेले आणि १२.० मध्ये (इ.स. २०१८) ग्रॉफ मूळ संचात राहिले नाही. अ‍ॅपलच्या मॅकओएस व्हेंचुरामध्येही (इ.स. २०२२) ग्रॉफची जागा मॅनडॉकने घेतली.

या निर्णयांची किंमत होतीच. बर्कलीच्या काळापासून प्रणालीबरोबर येणारे दीर्घ निबंध, उदाहरणार्थ फाइल व्यवस्थेविषयीचे किंवा संपादकाविषयीचे, एमएस व एमई या मॅक्रोसंचांत लिहिलेले आहेत. मॅनडॉकला ते कळत नाहीत. ज्याला ते छापायचे असतील त्याला ग्रॉफ वेगळे बसवावे लागते. बाहेरच्या काही आज्ञावल्यांच्या पृष्ठांत रॉफच्या इतक्या गुंतागुंतीच्या युक्त्या होत्या, की ओपनबीएसडीला त्यांची मांडणी पॅकेज तयार करतानाच ग्रॉफने करून ठेवावी लागली. आयरिक्सच्या काळची आधी मांडलेली पृष्ठे अशा रीतीने मर्यादित प्रमाणात परत आली.

डेबियन या लिनक्स वितरणाने तिसराच मार्ग धरला. तिथे ग्रॉफचे दोन भाग केलेले आहेत. मॅन पृष्ठांपुरता लागणारा भाग एका लहान पॅकेजात आहे आणि पृष्ठे दाखवणारी आज्ञावली त्यावर अवलंबून असल्याने ते बहुतेक यंत्रांवर आपोआप येते. उरलेला अक्षरजुळणीचा भाग ज्याला हवा त्याने मागून घ्यायचा असतो. साधन तेच राहते, त्याला बदली लिहावी लागत नाही आणि मूळ संचही आटोपशीर राहतो. मात्र परवाना व कंपायलर यांचे जे प्रश्न बीएसडी प्रकल्पांना टोचत होते ते डेबियनला नव्हते, त्यामुळे दोन्हींची तुलना पूर्णपणे समान पातळीवर होत नाही.

प्रमाणीकरणाच्या बाजूने या वादात फारशी मदत झाली नाही. ईडी हा ओळसंपादक किंवा बीसी हे गणनयंत्र यांसारखी युनिक्सची तितकीच जुनी साधने पॉसिक्स प्रमाणकात समाविष्ट आहेत, त्यामुळे त्यांना मूळ संचातून हलवताना प्रकल्पांना विचार करावा लागतो. एनरॉफ व टीरॉफ यांना पॉसिक्समध्ये स्थान मिळालेले नाही. मॅन ही आज्ञा तिथे आहे; पृष्ठे कोणत्या भाषेत लिहावीत हे मात्र सांगितलेले नाही. व्यवहारात ती भाषा रॉफच आहे. मॅनडॉक असो वा ग्रॉफ, ओळीच्या आरंभीचे टिंब आणि दोन अक्षरी आज्ञा दोन्हींना वाचाव्या लागतात.

मूळ संहितेचे पुढे काय झाले

इ.स. २००२ मध्ये कॅल्डेरा कंपनीने युनिक्सच्या पहिल्या सात आवृत्त्या बीएसडी धर्तीच्या परवान्याखाली खुल्या केल्या. ओसाना यांचे टीरॉफ त्यांच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी अशा प्रकारे मुक्त झाले. ज्या परवान्यामुळे ग्रॉफ लिहावे लागले होते तो अडसर दूर झाला, परंतु तोवर बीएसडी आणि लिनक्स दोन्ही ग्रॉफवर स्थिरावले होते. इ.स. २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्सने ओपनसोलारिससोबत आपल्याकडील टीरॉफची संहिता खुली केली. तिच्यावरून गुन्नार रिटर यांनी हेअरलूम डॉक्युमेंटेशन टूल्स हा संच तयार केला आणि तिला युनिकोड व आधुनिक टंकांची जोड दिली. बेल प्रयोगशाळेच्याच प्लॅन ९ या प्रणालीत कर्निघन यांच्या हातून गेलेले टीरॉफ कायम राहिले. तिच्या वापरपुस्तिकेवर ओसाना व कर्निघन अशी दोन्ही नावे छापलेली आहेत.